एकोणीस चुका आणि माझी सही

...आणि सही कुणाची? माझी! म्हणजे बघा, प्रोग्राम लिहिणार ते, चुका करणार ते, सोमवारी देतो म्हणून डॉक्टरांना शब्द देऊन बसणार साहेब, आणि 'तयार आहे' म्हणून सही मात्र माझी! तुम्हाला सांगते, सॉफ्टवेअर तपासायची नोकरी वैऱ्यालाही लागू नये. चूक काढली तर "बाई फार किचकट", नाही काढली तर "बाई झोपल्या होत्या का?"

बरं, प्रोग्राम केवढासा! दवाखान्यातल्या रांगेचा नंबर फोनवर लावायचा, आपली पाळी जवळ आली की घरातून निघायचं. बस्स! त्यात मला सापडल्या एकोणीस चुका. सापडलेल्या, हं! न सापडलेल्या देवाला ठाऊक.

शुक्रवारी मीटिंग. साहेब टेबलावर पेन आपटत, "किरकोळ आहेत हो सगळ्या!" म्हटलं, साहेब, लांब आडनाव अर्धंच दिसतं. "अर्ध्यावर ओळखतात!" फोन आडवा धरला की अक्षरं गायब होतात. "मग आडवा धरायचाच कशाला?" शंभरच्या वर वय घेत नाही. "शंभरी गाठलेल्या ठणठणीत माणसाला डॉक्टर कशाला लागतोय?" घ्या! आणि प्रोग्राम लिहिणारा आमचा 'माझ्याकडे-चालतं'... काहीही दाखवा, तो म्हणणार, "माझ्याकडे चालतं." अरे, मग तुझा कॉम्प्युटर नेऊन ठेवू का दवाखान्यात? पण हे ऐकतंय कोण! सही माझी ना!

घरी आले ती तणतणतच मटार सोलायला बसले. दाणे टाकले कचऱ्यात, सालं पातेल्यात. सासूबाईंनी पातेलं ओढून घेतलं, सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुला पसंत केली तेव्हा आमच्याकडेही यादी होती."

"कसली?"

"तुझ्या दोषांची! आवाज मोठा, स्वयंपाकात लक्ष नाही, जिथे तिथे खोट काढते... बारा होते. मी म्हटलं, यातल्या कशानं कुणाचा जीव जातोय का? नाही ना? मग द्या होकार! बिनदोषाची सून शोधत बसले असते, तर माझा मुलगा अजून बिनलग्नाचाच असता."

बारा! आणि पेपरामागून नवरा म्हणतो कसा, "तेरावा नंतर सापडला."

पण खरं सांगू? डोक्यात लख्ख उजेड पडला! यादी काढली. अर्धं आडनाव... जीव जातोय? नाही, राहू दे. आडवा फोन? राहू दे. अकराव्या चुकीवर मात्र बोट थांबलं. 'तातडी' हे बटण दोनदा दाबलं, की पेशंट रांगेत सगळ्यांच्या मागे! अहो, घरात कुणाच्या छातीत दुखतंय, तर माणूस बटण एकदाच दाबून गप्प बसेल का?

शनिवारी सकाळी साहेबांसमोर उभी राहिले. "अठरा चुकांसकट सही देते. ही एक असेल तर नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर!" साहेबांचं पेन हवेतच राहिलं. 'माझ्याकडे-चालतं'नं बटण दोनदा दाबून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "माझ्याकडेपण नाही चालत." दुपारपर्यंत दुरुस्त! केली सही.

सोमवारी सुरू झालं. मंगळवारी एका आजोबांच्या छातीत कळ आली, आजींनी म्हणे बटण सात वेळा दाबलं. सात! आजोबा दवाखान्यात पोचले ते थेट आत. आता बरे आहेत. मी भर ऑफिसात रडले, खुशाल रडले! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन. अठरा चुकांपैकी एकीबद्दलही चकार शब्द नाही! तक्रार आली ती मी चाळीस वेळा तपासलेल्या, एकमेव बिनचूक गोष्टीबद्दल. "बाई, नंबर फारच वेळेवर येतो हो! आमच्या आज्या रुसल्यात. बाकावर बसून गप्पा मारायला वेळच उरत नाही. थोडा उशीर करून मिळेल का?"

साहेब म्हणाले, "देतो की!"

तेव्हापासून बसलेय... उशीर बरोबर वेळेवर होतोय की नाही, ते तपासत!