तळहातावरचा डाग

सेव्हिलला आमच्या मठात साध्वी कासिल्दाच्या साक्षात्काराचं चित्र लागलं, तेव्हा दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या.

“ढगातून देवदूत उतरतोय बघ, लेओकादिया! आणि तुझ्या बहिणीची नजर बघ कुठे खिळलीय!”

“चुलीपाशीही अशीच बसायची. हरभरे करपले तरी हिला पत्ता नाही.”

“तेव्हापासूनच दिसत असेल गं तिला.”

“असेल. मला करपलेले हरभरेच दिसायचे.”

“आणि तळहातावरची ती खूण! येशूच्या खिळ्याची. सगळ्या तिथेच ओठ टेकतायत.”

“ती गेली त्या सकाळी मठाने चित्रकाराला बोलावलं. हातावर दिसला तसा डाग त्याने उतरवला.”

“देवाने कधी दिला म्हणे?”

“अकरा वर्षांची होती. मीच तापलेली पळी मारली.”

“अगं बाई! आणि तिने कुणाला सांगितलं नाही?”

“आईलासुद्धा नाही. रडलीही नाही. ‘ताई, केवढा उजेड होता गं,’ एवढंच म्हणाली.”

“...चल, आपण आलो. टेक ओठ.”

“तू टेक. मी इथेच थांबते जरा. ती कुठे बघत होती, ते एकदा बघू दे मला.”