घरट्याचा दोर

मला सांगा, भरवसा ठेवावा कुणावर, विकणाऱ्यावर की घेणाऱ्यावर?

एका कलाकार ताईंनी मुळशीतल्या माझ्या दुकानातून तागाचा जाड दोर नेला. सुगरणीसारखं, पण माणसाएवढं घरटं विणून त्या ते धरणाच्या पाण्यावर टांगणार होत्या. त्यांचं पहिलंच मोठं काम. मी म्हटलं, शोभेची वस्तू, तिला कसलं वजन? दोन पावसाळे ओल खाल्लेला दोर मालाच्या वहीत नवा लिहून खपवला.

उद्घाटनाला गेलो, तर ताई स्वतःच घरट्यात बसलेल्या! खाली काळंशार पाणी, वर घरटं झोके घेतंय. मी गर्दी सारत काठाशी धावलो. सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडलो, "ताई, उतरा खाली! दोर कुजका हाय, मीच दिलाय!"

ताई वरूनच म्हणाल्या, "माहितेय, काका. मी प्रत्येक दोर आधी ओढून बघते. तुमचा तुटला. उरलेल्या तुकड्याला इथं काठावर शेळ्या चारणाऱ्या धनगरमामांनी शेळी बांधली, तीही तो तोडून पळाली. हा दोर पौडहून आणलाय."

लोक पोट धरून हसले. मला मात्र अजून ते झोके आठवले की घाम फुटतो. तुम्ही आता दुकान टाकताय, म्हणून हात जोडून सांगतो, मालाच्या वहीत जुन्याला जुनंच लिहा.