इंजिनातली माती

माती! म्हणे मी इंजिनात माती घातली! आता तुम्हीच सांगा, तुम्ही शहाणीसुरती माणसं दिसताय, शुद्धीवर असलेली कुठली बाई इंजिनात माती घालील? म्हणजे... घातली होती. घातली होती हो, मी कुठे नाही म्हणतेय? पण काढली ना! घातली, दाबली, काढली, मोजली, फडक्यानं पुसली, वर फुंकरसुद्धा मारली! पण काढताना कुणी बघितलं? कुणी नाही! घालताना मात्र सासूबाई दारात उभ्या... आणि तेव्हापासून सगळ्या रस्त्याला माहीत आहे, की ह्या गॅरेजवालीनं सख्ख्या दिराच्या इंजिनात माती घातली.

थांबा, असं मध्येच सुरू केलं तर तुम्हाला काय कळणार. तर मी इंजिनं बांधते. मोडलेली दुरुस्त करते ते वेगळं, पण खरं काम म्हणजे शर्यतीची इंजिनं. गॅरेज माझ्या बाबांचं, आता माझं. लग्न ठरवताना ह्यांच्याकडच्यांनी विचारलं, मुलगी काय करते? आई म्हणाली, इंजिनं. तर ते म्हणतात, अरे वा, चित्रं काढते का?... तिथेच उठायला हवं होतं मी. नाही उठले.

तर आमचे धाकटे दीर. फरश्यांचं दुकान आहे, बाथरूमच्या, स्वयंपाकघराच्या, चालतंय उत्तम. त्यांना हौस आली डोंगराच्या शर्यतीची. एकेक गाडी सोडायची, घाटरस्त्यानं सुसाट वर जायचं, कमी वेळात पोचेल तो जिंकला. जुनी गाडी घेतली आणि आले माझ्याकडे. "वहिनी, इंजिन तुम्हीच बांधायचं! घरातलं माणूस असताना बाहेर कशाला?" मला बरं वाटलं हो! कारण ह्या शर्यती भरवणाऱ्या क्लबाचे सेक्रेटरी, मोठे खडूस गृहस्थ, मला स्वतः म्हणाले होते, "बाई, तुमचं एक इंजिन शर्यतीत वरपर्यंत पोचलेलं दाखवा. मग क्लबाची सगळी इंजिनं तुमच्याकडे." बाबांनी आयुष्यभर ज्या कामाची वाट बघितली, ते काम! मी म्हटलं, भावजी, बांधते. असं बांधते, की बघत राहाल.

आणि ते काय म्हणाले असतील? "वहिनी, कॉम्प्रेशन मात्र साडेबारा पाहिजे हं."

साडेबारा! जसं काही बुटाचं माप! तुम्हाला सांगते, ह्या क्लबात माणसं भेटली की एकमेकांना नाव विचारत नाहीत, कॉम्प्रेशन विचारतात. "तुमचं किती?" "बारा." "हं... माझं साडेबारा!" आणि तो बारावाला बिचारा रात्रभर कूस बदलत पडतो. अरे पण कॉम्प्रेशन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? सिलिंडरभर हवा-पेट्रोल घ्यायचं आणि पिस्टननं वर दाबून दाबून एवढ्याशा कोपऱ्यात बसवायचं. दहा खोल्यांतली माणसं एका खोलीत कोंबली, तर ते दहाचं कॉम्प्रेशन. जेवढं दाबाल तेवढा जोर जास्त, हे खरं, मी कुठे नाही म्हणते? पण कोंबलेली माणसं तापतात! पेट्रोलही तापतं. रस्त्यावरच्या पंपावरचं साधं पेट्रोल साडेबाराला ठिणगीची वाटच बघत नाही, आधीच पेटतं! मग पिस्टन वर येतोय आणि वरून स्फोट खाली येतोय... पिस्टनला भोक पडतं, भोक! मी म्हटलं, भावजी, साडेदहा. कणभरही जास्त नाही.

"साडेदहा?" चेहरा असा केला, जसं मी सगळ्यांसमोर त्यांचं वय सांगितलं.

बरं, हे कॉम्प्रेशनचं झालं. मग आलं जागेचं. शर्यतीचे पिस्टन ठोकून घडवलेले असतात, दणकट, पण तापले की फुगतात, साध्या पिस्टनपेक्षा जास्तच फुगतात. म्हणून थंड असताना पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीच्या मध्ये मोकळी जागा जास्त ठेवावी लागते. हे बघून भावजी म्हणतात, "वहिनी, हे ढिलं नाही का झालं? जरा टाइट बसवा ना!" टाइट! जो येतो तो हेच म्हणतो, टाइट बसवा! अहो, जागा लागते हो, जागा! मी म्हटलं, भावजी, तुम्ही फरश्या बसवता तेव्हा दोन फरश्यांमध्ये फट ठेवता ना?

"ठेवावीच लागते वहिनी, नाहीतर उन्हाळ्यात उचकटतात."

"मग?"

"पण ती फरशी आहे वहिनी. हे इंजिन आहे!"

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे चष्मे करतात. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून विचारतात, "हे बरं दिसतंय की ते?" स्वतः मात्र जन्मात सांगणार नाहीत कुठलं बरं. हे म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे."

आणि आता ती माती. नीट ऐका, कारण नीट कुणी ऐकतच नाही. इंजिनात हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, वरून खाली येतात आणि खालून पिस्टन वर येतो. दोघांची वेळ चुकली की टक्कर. म्हणून दोघांच्या मध्ये किती जागा उरते ते बघायचं असतं. आता आत डोकं घालून तर बघता येत नाही! मग जुनी रीत आहे, बाबांची, बाबांच्या उस्तादांची, सगळ्या जगाची... मुलं खेळतात ना, ती मऊ माती घ्यायची, पिस्टनच्या डोक्यावर एक पोळी थापायची, तेलाचं बोट लावायचं म्हणजे चिकटत नाही, वरून हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं इंजिनाचं झाकण, बसवायचं आणि इंजिन हातानं, पान्यानं, सावकाश फिरवायचं. मग उघडायचं. मातीवर व्हॉल्व्हचा ठसा उठतो. तिथे माती कापून बघायची, किती जाड उरली. जेवढी जाड, तेवढी तुमची जागा! इतकं साधं, इतकं सुंदर काम आहे हो ते, मला तर ते करताना गाणं सुचतं. लेकीच्या खेळण्यातली हिरवी माती आणली, थापली, आणि त्याच क्षणी सासूबाई दारात!

"अगं, हे काय करतेस?"

"आई, माती लावतेय. जागा बघायला."

"इंजिनात?"

"हो, मग काढायची..."

पण त्यांना "काढायची" ऐकू गेलं असेल तर शपथ! वळल्या आणि चालू लागल्या. म्हणजे त्यांनी काय बघितलं? माती आत गेली. बाहेर आलेली बघितली? नाही! मी हाक मारली, आई, थांबा, आता उघडून दाखवते! "नको बाई, मला नाही बघवत." मी मोजलं. जेवढी पाहिजे तेवढी जागा बरोबर होती, ना कमी ना जास्त. माती काढली, गोळा लेकीला परत दिला. पण तोपर्यंत सासूबाई रस्त्याच्या टोकाला पोचल्या होत्या.

मग पहिल्यांदा इंजिन सुरू केलं. सगळं घर जमलं. आता मी मघाशी सांगितलं ना, पिस्टन थंड असताना मोकळे असतात, तर ते थोडे वाजतात. खडखड, खडखड... गरम झाले की फुगतात, जागेवर बसतात आणि आवाज थांबतो. हा आवाज ऐकू आला, की मला समजतं काम बरोबर झालंय! पण सासूबाईंनी भावजींचा दंड धरला. "ऐक! माती वाजतेय!"

अहो, माती वाजते का? मऊ माती? तिचा कधी खडखड आवाज येतो का? मी ओरडून ओरडून सांगतेय, गरम होऊ द्या, दोन मिनिटं गरम होऊ द्या, जागा लागते हो, जागा! आणि झालं गरम, आणि थांबला आवाज, असं गुळगुळीत चालायला लागलं, की माझेच डोळे भरून आले. तर सासूबाई काय म्हणाल्या? "आता माती आत बसली असेल."

भावजी गाडी घेऊन गेले. तिथेच मला संशय यायला हवा होता, कारण जाताना म्हणाले, "वहिनी, बाकी सगळं झकास. साडेदहा तेवढं जरा..." मी म्हटलं, जरा काय? "काही नाही, काही नाही." काही नाही म्हणणाऱ्या माणसाला कधी मोकळं सोडू नये.

शर्यतीचा दिवस. मी वरच्या शेवटच्या वळणावर उभी, शेजारी सेक्रेटरी घड्याळ घेऊन, मागे आमचे हे आणि सासूबाई. खालून आवाज आला. माझं इंजिन! मी शंभरांत ओळखीन. पहिलं वळण, दुसरं वळण, काय आवाज होता हो, सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघितलं आणि भुवई उचलली, हा माणूस कुणासाठी भुवई उचलत नाही! मी मनात म्हटलं, बाबा, बघताय ना? आणि तेवढ्यात... टक्. टक्टक्. टक्टक्टक्... आणि मग काहीच नाही. नुसता वारा. इंजिनाचं काम करणाऱ्या माणसाला त्या शांततेइतकं वाईट काही नसतं. थोड्या वेळानं वळणावरून भावजी चालत आले, हेल्मेट काखेत, घामाघूम, आणि सेक्रेटरींच्या समोर, सगळ्या क्लबासमोर मला काय म्हणाले?

"वहिनी, बहुतेक माती अडकली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! सगळ्या कष्टांची माती झाली... नको, तो शब्दच नको!

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. मी म्हटलं, सगळे थांबा, कुणी हलायचं नाही, सेक्रेटरीसाहेब, तुम्हीसुद्धा. उघडताना सगळ्यांनी बघायचं. हेड काढलं. पिस्टनच्या डोक्यांवर चंद्रकोरी! एकेका पिस्टनवर व्हॉल्व्हनं टेकून चंद्रकोर उमटवलेली, आणि एक व्हॉल्व्ह चक्क वाकलेला. माती कुठे? कणभर नाही! पण मला कळेना, मी जागा ठेवली होती, माझ्या हातांनी मोजून ठेवली होती, गेली कुठे? हेड उलटं केलं. खालचा पृष्ठभाग चकाचक. नवाकोरा. मी नव्हता केला एवढा चकाचक.

"भावजी, हे हेड कुणी घासलं?"

भावजी छताकडे बघायला लागले. माझ्या छताला बघण्यासारखं काहीही नाही.

"थोडंसंच, वहिनी... लेथवाला म्हणाला, हेड खालून घासलं की वरचा कोपरा लहान होतो, कॉम्प्रेशन आपोआप वाढतं. म्हणाला, एवढ्याशानं काय होतंय?"

एवढ्याशानं! अहो, तेवढीच तर होती! मी राखून ठेवलेली जागा, तेवढीच, ती तुम्ही घासून आणलीत! हळू चालवताना काही कळलं नाही, पण चढावर जोरात पळवलं की सगळं ताणतं, व्हॉल्व्हला परत जायला उशीर होतो, मग तो जाणार कुठे? जागा लागते हो, जागा! मला रडू आलं, खरंच आलं, लपवत नाही, कारण त्या पिस्टनांवरून मी बोटं फिरवली होती, लहान मुलाच्या टाळूवरून फिरवावी तशी. भावजींचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "चुकलो वहिनी." मला वाटलं, चला, सुटले! सगळ्यांसमोर सिद्ध झालं!

तर सासूबाई पुढे आल्या. चंद्रकोरी बघितल्या, हेड बघितलं, आणि म्हणाल्या, "ते घासण्याबिसण्याचं मला काही कळत नाही. पण तू आधी माती घातली नसतीस, तर त्याचा विश्वास उडाला असता का? आणि विश्वास उडाला नसता, तर त्यानं घासलं असतं का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. चूक झाली.

"दोघींचंही बरोबर आहे."

सेक्रेटरी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मला पटलं. काम चोख आहे तुमचं. पण सगळी इंजिनं... मेंबर लोकांच्या कानावर मातीचं गेलंय. असं करू, आधी माझं एकट्याचं बांधा. फक्त... ती माती तेवढी नको." मी म्हटलं, साहेब, मातीशिवाय जागा कळणार कशी? तर म्हणतात, "घाला हवं तर. पण मला सांगू नका." हात टेकले मी. तेव्हापासून शटर खाली ओढून, आतून कडी लावून, चोरासारखी माती थापते! बाबा उघड्या दारात, रस्त्याकडे तोंड करून थापायचे हो!

आणि भावजी? त्यांना पश्चात्ताप झाला, अगदी मनापासून. परवा येऊन म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं, मीच भरून काढणार." आणि त्यांच्या दुकानातल्या चांगल्यातल्या चांगल्या फरश्यांचा एक भलामोठा बोर्ड करून गॅरेजवर लावला. दोन फरश्यांमध्ये व्यवस्थित फट ठेवून! वर माझं नाव, खाली शर्यतीची इंजिनं बांधून मिळतील, आणि त्याच्या खाली लाल ठसठशीत अक्षरांत: "येथे इंजिनात माती घातली जात नाही."

काढता येत नाही. सिमेंटनं बसवलाय. टाइट.

आज सकाळी एक नवीन गिऱ्हाईक आलं. बाहेरगावचं, ह्यातलं काहीएक माहीत नसलेलं. मला वाटलं, देव पावला! आत आला, गॅरेज बघितलं, इंजिन दाखवलं, म्हणाला, काम तुम्हालाच देतो. निघाला. बोर्डासमोर थांबला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत आत आला आणि अगदी हळू आवाजात मला विचारतो...

"बाई... म्हणजे आधी घालत होतात का?"