तितं सुई हाय

— अहो तितं नको दादा, तितं नको! इकडं या, ह्या मोराच्या बाजूला बसा. तितं सुई हाय. शिवताना हातातनं निसटली, गादीत शिरली, आठ दिवस झाले सापडत न्हाय — उगं तुमचं रक्त निघायचं माझ्या घरात. हां, बसा. कूलरचं तोंड करते तुमच्याकडं. चहा घेताय नव्हं? घेताय. सोलापूरच्या उन्हात चहा नको म्हणणारा माणूस मी अजून बघितला न्हाय. तर काय म्हणत होता — अभिमन्यूनं पाठवलंय. ते कळलं मला, सकाळीच फोन आला त्याचा पुण्यातनं, ‘आई, शोरूमचा माणूस येईल, जुना सोफा बघून जाईल, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू, नवा शनिवारी येतोय.’ विचारलं न्हाय हां, सांगितलं. मागनं सूनबाई, पायल, ‘आई, रंग मी निवडलाय, तुम्हाला आवडेल.’ आवडेल की. पोरीची निवड चांगलीच असती. माझाच मुलगा निवडलाय तिनं.

पण मी तुमाला आधीच सांगते, नंतर तुमच्या मालकानं तुमाला बोलायला नको — सोफा काय घेण्यासारखा न्हाय. लाकडाला भुंगा लागलाय. कान लावला की कुरकुर ऐकू येती. स्प्रिंगा बसल्यात, एक पाय आखूड, खाली पुठ्ठा सारलाय. असला सोफा न्यायचा म्हणजे टेंपोचं डिझेल वाया. तुमी त्या कागदावर ‘घेण्यालायक न्हाय’ असं लिहा, मी सही करते, चहा प्या, चाललात. — काय? कव्हरं? कव्हरं कुटल्या दुकानातली?

दुकानातली! अहो मी शिवलीत. घरी. बघा की शिलाई — उलटं करून बघा, हां, तुमच्या बाजूचं. आत कच्ची कड दिसतीय का कुटं? आधी वर्तमानपत्रं अंथरली सोफ्यावर, टाचण्या लावल्या, पेन्सिलीनं रेघ मारली, तसा कागद कापला — कागद चुकला तर चुकू दे, चादर चुकली की संपलं. सोलापुरी चादर हाय ही, पडद्याचं झिरझिरीत कापड नव्हं. चार पदर एकत्र आले की मशीनची साधी सुई कट्कन मोडती. अठरा नंबरची घातली तवा कुटं वळणावर आलं. मागनं नाड्या, खालनं इलास्टिक, हाताच्या जागी खिसा, रिमोटला. सगळी खोली उजळली म्हणून शेजारच्या नीलम्मा दोनदा बघून गेल्या. पायलला फोटो पाठवला तर तिनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

मोर? व्हय, डोक्यावर उभे हायत. आलं का लक्षात. पाठीचा भाग कापताना चादर उलटी धरली मी, आणि कळलं कवा — तर शिवून झाल्यावर. नीलम्मांना सांगितलं, फॅशन हाय. पण आमचे हे असते तर दारातनंच म्हणाले असते, ‘माल रिजेक्ट.’ तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात तपासणीला होते. चादर उजेडात धरायची, बोटं फिरवायची — तुटलेला दोरा बोटाला आधी कळायचा, डोळ्याला मागनं. पावण्यांच्या घरी गेलं तरी तेच. माणसं बोलतायत लग्नाचं, आणि हे आपले बसल्या जागी त्यांच्या चादरीचा काठ चाचपतायत. लाजेनं मेल्यासारखं व्हायचं मला.

एवढ्या चादरी कुटनं म्हणता? आल्या की, ह्यांच्या तेराव्याला. तुमी कुटले? वळसंगचे! मग तुमाला काय सांगायचं, तुमच्यातबी दुखवट्याला टॉवेल-टोपी आणतात की. आमच्या पावण्यांना वाटलं, माणूस चादरीच्या कारखान्यातलं, टॉवेलनं कसं भागायचं — जो तो चादर घेऊन आला. माणूस गेलं एक, चादरी आल्या एकवीस. आणि दुखवट्याची चादर आमच्यात कुणी पांघरत न्हाय. कपाटात ठेवायची, आणखी कुणाकडं कोण गेलं की तिकडं न्यायची. फिरत राहत्यात बिचाऱ्या ह्या गावाहून त्या गावाला. मी म्हटलं, बास झालं, माझ्याकडं थांबा. पांघरायचं न्हाय एवढंच हाय ना? बसायचं न्हाय असं कुणी सांगितलंय?

आता गंमत ऐका. नणंद आली माझी, नागूबाई. बसली तुमी बसलाय तितंच. हात फिरवला, म्हणाली, ‘कापड झकास हाय गं, कुटनं घेतलंस?’ म्हटलं, ‘तुमीच आणलंवतं की, वन्सं. तेराव्याला.’ ताडकन उठली! चहा उभ्यानं पिली. आणि थोरले दीर — आमचे हे बावीस दिवस दवाखान्यात होते, दीर एकदा फिरकले न्हायत — पण तेराव्याला चादर आणली, सगळ्यात भारी. ती दाराशी घातलीय. आत्ता येताना पाय पुसलेत की तुमी. छान पुसलेत.

अहो, अहो — तिकडं कुटं निघालात? सांगितलं ना सुई हाय! काय? अठरा नंबरची सुई मशीनला असती, हातातनं कशी निसटेल? — शिवणातलं कळतंय व्हय तुमाला. आई शिवते. आधी नसतं का सांगायचं? बरं मग, स्प्रिंग वर आलीय तितं. न्हाय तर मांजरानं घाण केलीय, त्यातलं जे पटेल ते धरा. आणि लाकूड काय ठोकताय उगं? सागवान हाय, व्हय. सागवानाला भुंगा लागत न्हाय हे मलाबी ठाऊक हाय. मालकाला सांगायलाच पाहिजे का?

कव्हर काढून फोटो पाहिजे? बाकीची काढा, दोन मिनिटांत निघत्यात. तितलं ते एक निघत न्हाय. ते खालनं शिवूनच टाकलंय, हातानं, गादीला. धुवायचं कसं म्हणजे? धुवायचंच न्हाय ते. आत डोकं टेकायच्या जागी तेलाचा डाग हाय, शेंगाचटणी सांडलेली हाय, आणि बसून बसून पडलेला खड्डा हाय ह्यांचा. मुलगा म्हणतो, ‘आई, सोफा पार बसलाय.’ बसलाय खरा.

आणि वरची चादर — ती टेंभुर्णीच्या पावण्यांनी आणलेली. तेराव्याला मी घडी उलगडली तर कोपऱ्यात रफू. दोन बोटांएवढं, लालात लाल, शोधल्याशिवाय दिसायचं न्हाय. असं रफू करणारं एकच माणूस मला माहीत होतं. आमच्याच घरची की ती! सात-आठ वर्षं झाली, श्रीपूरला एका ओळखीच्यांकडं दुखवट्याला जायचं होतं, ह्यांनी कारखान्यातनं बाद झालेली आणली, खिडकीशी बसून रफू केली, म्हणाले, ‘दे बिनधास्त, कुणाच्या बापाला कळत न्हाय.’ कळलं न्हायच कुणाला. श्रीपूरहून किती घरं फिरली देव जाणे, आणि आली की न्हाय बरोबर त्यांच्याच तेराव्याला! मी हसले, दादा. खोलीभर बायका रडतायत, आणि मी पदर तोंडात कोंबून हसतेय. नागूबाईला वाटलं हुंदका. बिचारीनं पाठीवरनं हात फिरवला. अजून सांगितलं न्हाय तिला. तुमालाबी कशाला सांगत बसले कुणास ठाऊक — अभिमन्यूलासुद्धा ठाऊक न्हाय हे. तर तितं मी कुणाला बसू देत न्हाय. मीबी बसले न्हाय. अकरा महिने —

अहो, नका उचलू! टाके तुटतील. ठेवा — ठेवा म्हणते ना खाली — सरका, सरका तुमी, मीच —

हं.

न्हाय, काय झालं न्हाय. बसले नुसती.

कलतंय की माणूस एका बाजूला. खिडकीकडं. — हे उजेडाकडं बसायचे ना.

जावा तुमी आता. लिहा, ‘घेण्यालायक न्हाय.’ अभिमन्यूनं विचारलं तर सांगा, सोफ्यात सुई हाय, सापडत न्हाय. त्याला शिवणातलं काय कळत न्हाय, पटेल त्याला. कप ऱ्हावू दे तितंच. दार ओढून घ्या, कडी मी लावीन मागनं. — न्हाय, आत्ता उठत न्हाय.

आणि जाताना परत एकदा पाय पुसा.