दिवे वाढवा

अंधेरीच्या पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याची बाटली घेऊन सुबोध रांगेत उभा होता. पुढे बापलेक होते, आपल्या कापड रंगवायच्या कारखान्यातल्या सांडपाण्याचा रिपोर्ट न्यायला आलेले.

“विनिता, याही वेळी नापास झालं तर कारखान्याला कुलूप गं.”

“नाही होणार, बाबा. या वेळी दिवे चालू होते.”

“मागच्या वेळी तूच मेसेज टाकलास, ‘टाकीवरचे दिवे वाढवा.’ मी वाढवले.”

“वाढवले? सगळे बंद केलेत!”

“मग? दुकान वाढवतो म्हणजे बंदच करतो ना? दिवा विझवला म्हणू नये, वाढवला म्हणावं.”

“अहो, आणखी लावा म्हणायचं होतं मला! टाकीतली पूड उजेड पडला तरच रंग तोडते. अंधारात नुसती बसून राहते.”

“आणि पुढची ती महागडी चाळणी?”

“मेम्ब्रेन? ती पूड अडवते, परत टाकीत पाठवते. रंग आधी तुटला नाही तर तीच तुंबते. तुंबलीच ना?”

“इंजिनीअर पोरीनं साधं ‘लावा’ लिहायचं.”

“रामनाथ डाइंग! रिपोर्ट घ्या,” खिडकीतून हाक आली.

“तूच वाच गं. चष्मा राहिला माझा.”

“पास, बाबा! रंगसुद्धा पास!”

“म्हणजे कारखाना चालू?”

“चालू!”

बापाने लगेच घरी फोन लावला.

“हॅलो, जया? पास झालो गं... आवाज? आवाजाला काय झालंय? एसी आहे इथे, घसा धरतो.”

सुबोधने वर पाहिलं. छताला एकच पंखा होता, तोही बंद.