डाव्या हाताची पिशवी

न्हाय, चप्पल काढू नका. लई येळ बसायचं न्हाय तुमाला. हितं उंबऱ्यापाशी खुर्ची टाकलीय, हितंच बसा. आन् आत सारखं बघू नका — दैवशाला निजलीय. माझी बायकू हाय, म्या सांगतो ना निजलीय म्हणून. सोलापूरहून जीप करून उमरग्याला आला, तुमची मर्जी, म्या काय आवतन धाडलं न्हवतं. काय इचारायचं त्ये मला इचारा, मैथिली म्याडम.

व्हय, लकवा मारला तवापास्नं उजवा हात बंदच हाय तिचा. तुमच्या सेंटरात म्हणं बोटं हालत्यात. हालत आसतील की. तुमी ती चुंबकाची चकती डोक्यावर धरता — कापायचं न्हाय, टोचायचं न्हाय, वरनंच टक् टक् — आन् हिकडं तिचं बोट उडतंय, त्ये म्याबी बघितलंय. बॅटरी बसलेल्या गाडीला धक्का मारल्यावाणी. पर धक्क्यानं गाडी गुरगुरली म्हंजे हैद्राबादला पोचली व्हय? सारी हयात ह्या हायवेला ट्रक चालवलाय म्या, मला नका शिकवू. घरी आली की हात पुन्हा मांडीवर. लिवा तुमच्या त्या रिसर्चमधी — भागवत ड्रायव्हर म्हणला, मशीन बिनकामाचं हाय.

पिशवी? बांधतो की. मशीननं मेंदूतली हाताची जागा जागी व्हती, मग चांगला डावा हात पिशवीत बांधून ठिवायचा, म्हंजे उजव्याला झक मारत काम करावं लागतंय — सगळं ध्यानात हाय माझ्या. सकाळी बांधतो ती रातच्याला निजंस्तवर सोडत न्हाय. मग जेवती कशी? काय इचारणं हाय का ह्ये. डावा मोकळा आसला तरी डाव्यानं घास घेणारी बाई न्हाय ती. मग कोण भरवणार, शेजारीण? म्याच भरवतो. तोंड म्या धुतो, वेणी म्या घालतो, वाकडीतिकडी का हुईना घालतो. उजव्यानं करू द्या म्हणं! निम्मं ताट लुगड्यावर सांडतंय आन् ती रडाया लागती, त्ये तुमाला दिसत न्हाय. चकती काढली की तुमची सुट्टी.

आसं बघू नका माझ्याकडं. म्या कशाला आडवा येऊ? तुमाला काय ठावं हाय आमचं — ट्रकवरनं घरी आलो की ही ताट वाढायची, तांब्या ठिवायची, "जेवा" म्हणायची आन् परसात जाऊन बसायची. जेवा. येवढंच. पोरगी तापानं फणफणली, मागची भित पडली, कवा काय सांगितलंच न्हाय मला. सांगून काय करू, म्हणायची, तुमी सकाळी गाडीवर जाणार. भांडण न्हाय, तंटा न्हाय. भांडली आसती तर बरं झालं आसतं, त्ये न भांडणंच लई लागायचं मनाला. आन् आता घास घेता घेता बोलती. मीठ कमी हाय म्हणती. बारका घास करा, म्या काय बैल हाय का, म्हणती. काल म्हणली, तुमच्या हाताला डिझेलचा वास येतोय आजून — आन् हासली. हासली म्याडम, माझ्यासमोर बसून. आन् हासता हासता भाकरीचा तुकडा उचलला तिनं — न्हाय, डाव्यानं. डाव्यानं उचलला.

पिशवीतनं कसा उचलंल म्हणता.

बरं, उजव्यानं. उजव्यानं उचलला, तोंडापातूर नेला. झालं समाधान? म्या काढून घेतला तिच्या बोटातनं. सांडंल म्हणलो आन् म्याच भरवला. खाल्ला तिनं. माझ्याकडं नुस्तं बघितलं, आन् तवाधरनं एक शबूद बोलली न्हाय. म्हणून सांगतो, उठा आता. तुमचं मशीन आमाला नगं, त्या सेंटरात पुन्हा म्या तिला —

दैवशाला, उठलीस कशाला? पावण्या निघाल्यात. आन् ह्ये ताट कुणाचं? माझं? दे हिकडं, उजव्यानं धरून, पिशवीच्या हातानं टेकू देऊन कुठं ताट आणत्यात व्हय, सांडंल. दे म्हणतो ना. आगं सोड की, म्या धरतो... बघा, ठिवलं खाली. आमटी सांडली जराशी. आता निघाली कुठं? हितं बस, आदी तुला भरवतो, मग म्या — परसात नगं जाऊ, दैवशाला.

काय म्हणली ती जाताना? तुमी जवळ हुता, ऐकलं आसंल.

व्हय. म्याबी तेच ऐकलं. जेवा म्हणली.

मशीन चांगलं हाय तुमचं. लिवा तसं. चप्पल पायातच हाय ना? मग जावा.