घुमणं तेवढं राहू द्या

नाही नाही, घुमणं काढायचं नाहीये. मध्येच तुटतंय ना, तेवढंच बघा — परत तेच! म्हणे कंडेन्सर बदला, मग बघा आवाज कसा साफ येतो — अहो, साफ आवाज घेऊन मी काय करू? या घरात गिटार वाजवतंय कोण आता? मी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं होतं, व्हॉल्व्हच्या ॲम्पातलं कळणारा माणूस पाठव, आमचा ॲम्प घुमता घुमता मध्येच गप्प होतो, तो गप्प होता कामा नये. हसला असेल. हसू दे.

हो, आमच्या पोरानं केलाय. इथेच, या खोलीत, तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर बसून. जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर काढला, पत्रा वाकवला, भोकं पाडली — तेव्हा शेजारीण विचारायला आली, घर पाडताय का म्हणून. पुढचं कापड मी लावलंय, कोटाचं अस्तर आहे ते. मी शिंपी माणूस, माझा हातभार एवढाच. आणि पहिल्यांदा चालू केला तर काय — घूंऽऽ! पलीकडे माझ्या टेबलावरची कात्री थरथरायला लागली. ही म्हणाली, यात गिटार कुठाय रे, ही तर पिठाची गिरणी! झालं, स्वारी हट्टाला पेटली. ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवून बसवला. वायरी एकमेकींत पिळल्या — ते मात्र मी दाखवलं, म्हटलं, दोऱ्याला देतात तसा घट्ट पीळ दे. मोठा कंडेन्सर टाकला. मग हिच्या लाकडी चमच्याच्या दांड्यानं आतली एकेक वायर सरकवून बघायचा, कुठे नेली की कमी होतंय ते. ही इकडे भाजी ढवळायला चमचा शोधतेय! रोज भांडण. जेवतानाही तेच, बाबा, अजून जरासं राहिलंय. अरे, जेव की. — आम्हाला काय, सवय झाली होती. घुमतंय म्हणजे आहे खोलीत. घुमत नाही म्हणजे गेला उंडारायला. हाक मारायचंही काम नाही.

त्या दिवशी दुपारी एकदम शांत झालं. मी मशीनवरचा पाय थांबवला, कान दिला — काही नाही. बाहेर तर पडला नव्हता. हिला म्हटलं, अगं, जमलं की पोराला! हिनं चहा टाकला. आम्ही दोघं त्या टेबलाशी बसलो आणि — सांगतो तुम्हाला, शांतता ऐकत बसलो हो. हसत होतो. मी हाक मारणार होतो, तर ही म्हणाली, नको, खूश झाला असेल, बसू दे जरा. आमचा चहा पिऊन झाला. मग त्याचा कप घेऊन ही इथे दारात आली.

जमलं नव्हतंच हो. त्यानं नुसतं बटण बंद केलं होतं, वायर सरकवायला. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, बटण बंद केलं तरी — तुम्हाला मी काय सांगणार, तुमचंच काम ते. रोज चमचा असायचा हातात. त्या दिवशी सकाळी हिनं तो नेला होता, घासायला — रागावून नेला होता. म्हणून हात घातला त्यानं. — हे मी कधी कुणाला बोललो नाही. हिलाही नाही. तिला कळलंय की नाही, देव जाणे. पण लाकडी चमचा या घरात परत दिसला नाही. तुम्ही बोलू नका कुठे. विसरून जा.

तेव्हापासून घर शांत झालं की ती उठते. चहा टाकते, कप घेऊन या दारात येते, आत बघते. आणि दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं — नाही सांगवत मला. डॉक्टर झाले. तिची बहीण राहून गेली. एकदा मीच वैतागून हा चालू केला, तर खाली बसली आणि लसूण सोलायला घेतला. म्हणून चालू ठेवतो. तिच्यासाठी. — बरं, माझ्यासाठीही. मशीनवर माझी पाठ या खोलीकडे असते. घुमतंय तोवर वाटतं, आहे आत. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा —

काय झालं? गप्प का झाला? तुम्ही बंद केलात? अहो, मला विचारायचं ना! लावा, लावा परत — थांबा! हात! आधी हात बाहेर काढा, बंद आहे म्हणून आत हात घालता? काढा! — हां. आता चालू करा. — का लागत नाही? परत करा.

ऐकलंत? भांडं वाजलं. उठली ती. — काही नाही गं, चालूच होतोय, बस तू! — राहू द्या ते आता, स्क्रू राहू द्या. येतेय ती. अहो, असे वाकून बसू नका त्याच्यावर. त्या स्टुलावरून उठा. उठा म्हणतो ना!